क्लिनिकल रिसर्च शिकायचाय, नागपूर न सोडता. ट्रेनिंग कुठे, कोलॅबोरेशन कोणासोबत?

संत्रानगरी_एपी
नमस्कार मंडळी. मेडिसिनला असिस्टंट प्रोफेसर आहे, नागपुरातल्याच एका कॉलेजात, नाव राहू द्या. एमडीचा थेसिस सोडला तर रिसर्च म्हणावं असं काही केलेलं नाही, केस रिपोर्ट वगैरे आहेत पण ते सगळ्यांचेच असतात. प्रमोशनला पेपर लागतात हे आहेच, ते कशाला लपवू, पण त्याच्याही पलीकडे काय होऊन राहिलं की ओपीडीत सिकलसेलचे मोठे पेशंट येतात, पस्तिशी-चाळिशीतले, त्यांचं हायड्रॉक्सीयुरिया (सिकलचं औषध) किती ठेवायचं, किडनी कधीपासून बघायची, या सगळ्याचे आकडे अमेरिकेतले नाहीतर जमैकातले आणि आपल्याकडच्या पेशंटचं एचबीएफ (गर्भातलं हिमोग्लोबिन) मुळातच जास्त असतं, मग ते आकडे जसेच्या तसे कसे लावायचे. हे कोणीतरी इथे बसून बघायला पाहिजे ना. तर मला सांगा, नोकरी सांभाळून शिकायचं कुठे आणि बरोबर घेईल असं कोण आहे. दोन वर्ष बाहेर जाऊन एमपीएच (पब्लिक हेल्थची पदवी) करणं शक्य नाही, घरी लहान मुलगी आहे. व्हॉट्सॲपवर रोज कुठल्यातरी सर्टिफिकेट कोर्सचं पोस्टर येतं, त्यातलं खरं कोणतं तेच समजत नाही.

जेआर२_झोपलेला
सर बीसीबीआर झालं का तुमचं? आयसीएमआर म्हणजे केंद्राची मेडिकल रिसर्चची संस्था, तिच्या चेन्नईच्या एनआयईचा बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च, स्वयम-एनपीटीईएलवर असतो. आम्हाला तर कंपल्सरी आहे, फॅकल्टीलाही आहे. व्हिडिओ फुकट, परीक्षेची फी भरून सेंटरवर जाऊन पेपर द्यायचा. मी कॅज्युअल्टीच्या नाईटला १.५ स्पीडवर बघितलं सगळं, पास झालो, आता विचाराल तर काही आठवत नाही 😅

वर्धारोड
घ्या. हेच आपल्याकडचं रिसर्च ट्रेनिंग. फाईलला सर्टिफिकेट लागलं, एनएमसी (मेडिकल कॉलेजांवरचा राष्ट्रीय आयोग) खुश, डीन खुश.
संत्रानगरी भाऊ, माझा सल्ला ऐका, ती पोस्टरवाली मंडळी दुकानं उघडून बसली आहेत. "पीजी डिप्लोमा इन क्लिनिकल रिसर्च", फी हजारोंनी, शिकवणारे कोण तर ज्यांनी आयुष्यात एक पेशंट ट्रायलमध्ये घेतला नाही. डॉक्टरला त्याची काही गरज नाही, ते इंडस्ट्रीत नोकरी शोधणाऱ्या बीएससी-बीफार्मच्या पोरांसाठी आहेत आणि त्यांनाही किती उपयोग होतो कोण जाणे.

पीव्हॅल्यू_ताई
मी बायोस्टॅटवाली आहे म्हणून बोलते. बीसीबीआरला नावं ठेवू नका हो, कोर्स चांगला बनवलाय, १.५ स्पीडवर बघणाऱ्याचा दोष कोर्सला कशाला. प्रश्न कसा लिहायचा, स्टडी डिझाइन कोणतं, बायस कुठून शिरतो, सॅम्पल साईजला काय काय माहिती लागते, हे सगळं सरळ भाषेत आहे. सर तुम्ही एक करा, तुमचा सिकलचा प्रश्न डोक्यात ठेवून ते लेक्चर परत बघा, प्रत्येक लेक्चरनंतर स्वतःच्या प्रश्नावर अर्धं पान लिहा. तेवढ्यात तुमच्या प्रोटोकॉलचा कच्चा मसुदा तयार होईल.
दुसरं जीसीपी, म्हणजे ट्रायल नीट करायचे आंतरराष्ट्रीय नियम. त्याला पैसे देऊ नका. अमेरिकेच्या नायडा या सरकारी संस्थेचा ऑनलाईन कोर्स फुकट आहे, ग्लोबल हेल्थ नेटवर्कचाही फुकट आहे. फक्त एक बघा, हे नियम ठरवणाऱ्या आयसीएचने त्यांची, म्हणजे ई६ची, तिसरी आवृत्ती म्हणजे आर३, ६ जानेवारी २०२५ ला फायनल केली, त्यामुळे करायचंच आहे तर आर३वर आधारलेला करा, नाहीतर वर्षभरात कोणीतरी म्हणेल परत करा. समोरासमोर शिकायचं असेल तर फरीदाबादच्या टीएचएसटीआयची सीडीएसए नावाची संस्था आहे, सरकारी आहे, ते जीसीपी आणि रेग्युलेटरीचे चांगले वर्कशॉप घेतात.
आणि हात जोडून विनंती, स्टॅटिस्टिशियनकडे प्रोटोकॉल लिहिताना या. सगळे डेटा गोळा झाल्यावर एक्सेल घेऊन येतात, त्यात मर्ज केलेले सेल, "बीपी" कॉलममध्ये १३०/८० एकत्र, पुरुष कधी एम कधी मेल कधी नुसतं १, आणि म्हणतात मॅडम पी व्हॅल्यू काढून द्या, उद्या सबमिशन आहे.

जेआर२_झोपलेला
ताई तो मीच होतो का 🙈

पीव्हॅल्यू_ताई
तू नव्हतास, पण तुझ्या बॅचचे बरेच होते.

कोऑर्डिनेटर_हिंगणारोड
मी स्टडी कोऑर्डिनेटर आहे, बरीच वर्षं झाली. डॉक्टर लोकांना पटत नाही पण सगळ्यात चांगलं ट्रेनिंग स्पॉन्सर्ड ट्रायलवर को-इन्व्हेस्टिगेटर म्हणून होतं. शहरात फेज ३ चे ट्रायल चालतात, पीआय म्हणजे मुख्य इन्व्हेस्टिगेटर बहुतेक वेळा बिझी असतात, त्यांना व्हिजिट बघणारा, एई (ॲडव्हर्स इव्हेंट, पेशंटला झालेला त्रास) लिहिणारा माणूस हवाच असतो. तुम्ही सहा-आठ महिने ते करा. पेशंटला कन्सेंट देताना ऑडिओ-व्हिज्युअल रेकॉर्डिंग कधी लागतं, सिरियस ॲडव्हर्स इव्हेंट झाला की २४ तासात कोणाकोणाला कळवायचं, सोर्स डॉक्युमेंट म्हणजे काय, खाडाखोड कशी करायची की खालचं वाचता आलं पाहिजे आणि बाजूला सही-तारीख, हे कोर्समध्ये एका स्लाईडवर असतं आणि इथे कंपनीचा मॉनिटर येऊन एकेक ओळ तपासतो तेव्हा हाडात मुरतं. सावजीचा रस्सा व्हिडिओ बघून जमत नाही, कोणाच्या तरी चुलीशेजारी उभं राहावं लागतं, तसंच आहे हे.

वर्धारोड
ताई रस्सा मान्य. पण स्पॉन्सर्ड ट्रायलमध्ये प्रश्न कंपनीचा, प्रोटोकॉल कंपनीचा, डेटा कंपनीचा, पेपरमध्ये आपलं नाव असलंच तर शेवटी बारीक अक्षरात. त्यातून माणूस शिस्त शिकतो, रिसर्च नाही शिकत. इथल्या एका साईटवर दहा-दहा वर्षं ट्रायल करणारे सर मला माहीत आहेत, स्वतःचा एक प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही.

कोऑर्डिनेटर_हिंगणारोड
शिस्त तरी शिकतो ना भाऊ. थेसिसच्या कन्सेंट फॉर्मवर सगळ्या पेशंटच्या सह्या एकाच पेनाने एकाच दिवशी झालेल्या बघितल्या आहेत मी.

मानेवाडा_निवृत्त
बराच वेळ वाचून राहिलो, आता लिहितो. वयाने मोठा आहे म्हणून थोडं लांबण लागेल, सहन करा.
तुम्ही सगळे दिल्ली-चेन्नईकडे बघता पण क्लिनिकल आणि फील्ड रिसर्चचं जगात नाव झालेलं काम आपल्या विदर्भात झालं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने १९८९ ला दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी करून लॅन्सेटला छापलं की ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोगाचा त्रास आहे, तोवर जगाला ग्रामीण बाई म्हणजे फक्त बाळंतपण एवढंच दिसत होतं. मग १९९९ ला घरोघरी नवजात बाळाची काळजी, ३९ गावांत ते दिलं आणि ४७ गावं तुलनेला ठेवली, नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली. त्यांच्याकडे ना टर्शरी हॉस्पिटल होतं ना मोठी लॅब. गावं होती, मोजणी पक्की होती, आणि प्रश्न तिथल्याच लोकांचा होता.
आता नागपूर शहरातलं. लता मेडिकल रिसर्च फाउंडेशन हे अमेरिकेच्या एनआयसीएचडी या बाल-आरोग्य संस्थेच्या ग्लोबल नेटवर्कचं नागपूर साईट, बोस्टन युनिव्हर्सिटीसोबत. ॲस्पिरिन ट्रायल आठवतं का, पहिलटकरणींना ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन लवकर सुरू केलं तर अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण टळतं का, सहा देश मिळून ११,९७६ बाया, लॅन्सेट २०२०, १३.१ टक्क्यांवरून ११.६ वर आलं. नंतर २०२३ ला न्यू इंग्लंड जर्नलमध्ये ॲझिथ्रोमायसिनचं, प्रसूतीच्या वेळी २ ग्रॅमचा एकच डोस, २९,२७८ बाया, आईचा सेप्सिस किंवा मृत्यू २.४ वरून १.६ टक्के. या दोन्हीत आपल्या इकडच्या पीएचसीतल्या बाया आहेत, आपल्या इकडच्या एएनएम आणि फील्ड वर्कर आहेत. आणि आपल्या कॉलेजातल्या पोरांना विचारा, दहातल्या एकाला माहीत असेल.
तर संत्रानगरी डॉक्टर, कोलॅबोरेशन म्हणजे बोस्टनला ईमेल टाकणं नव्हे. आधी तुमच्या जवळपास कोण काय करून राहिलं ते बघा. सेवाग्रामला जाऊन या, १९६९ पासूनची संस्था आहे, वर्ध्याच्या गावांतलं कम्युनिटी मेडिसिनचं त्यांचं काम जुनं आहे. एम्स आता मिहानला आहे. सिकलसाठी चंद्रपूरला आयसीएमआरचंच हिमोग्लोबिनोपॅथीचं, म्हणजे सिकलसारख्या रक्तविकारांचं, सेंटर आहे. हे सगळं सोडून आपण वेबिनार बघत बसतो.

संत्रानगरी_एपी
सर खूप आभार. चंद्रपूरच्या सेंटरचं मला खरंच लक्षात नव्हतं आलं. पण एक शंका आहे, मी तिथे जाऊन काय म्हणू? माझ्याकडे द्यायला काय आहे?

मानेवाडा_निवृत्त
पेशंट आहेत तुमच्याकडे. मोठ्या वयाचे, वर्षानुवर्षं एकाच ओपीडीत येणारे. बालरोगवाल्यांकडे मुलं आहेत, स्क्रीनिंगवाल्यांकडे आकडे आहेत, चाळिशीतला सिकल पेशंट दर तीन महिन्यांनी ज्याच्यासमोर बसतो तो माणूस दुर्मिळ आहे. त्यांची नीट नोंद ठेवून जा, मग रिकाम्या हाताने गेल्यासारखं होणार नाही.

पीव्हॅल्यू_ताई
सरांना दुजोरा. आणि वेळही बरी आहे, सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालं, ० ते ४० वयाच्या ७ कोटी लोकांचं स्क्रीनिंग, निर्मूलनाला २०४७ चं टार्गेट. स्क्रीनिंगमध्ये सापडलेल्या माणसांचं पुढे काय होतं, औषध चालू राहतं का, हा प्रश्न आता ढीगभर पडणार आहे आणि त्यावर काम करायला क्लिनिशियन लागणार. हायड्रॉक्सीयुरियाचं म्हणाल तर २०१२ ला नागपूरचाच मुलांवरचा रँडमाइज्ड अभ्यास आहे, १० मिलिग्रॅम प्रति किलो फिक्स डोसचा, ६० मुलं. मोठ्यांचं काय हे तुम्ही विचारताय तो पुढचाच प्रश्न आहे. आधी तो पेपर वाचा.

दंतवैद्य_धंतोली
आम्हा डेंटलवाल्यांना कोणी विचारतच नाही म्हणून मध्येच घुसतो. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी. अख्ख्या विदर्भात पोरं शाळेच्या वयापासून खाऊन राहिली, तोंड दोन बोटं उघडत नाही, सबम्युकस फायब्रोसिसची (तोंडाचं अस्तर कडक होण्याची) रांग लागते आमच्याकडे. आणि ट्रायल म्हणाल तर प्रत्येक कॉलेजात वीस-वीस पेशंटवर काहीतरी इंजेक्शन देऊन थेसिस, प्रत्येकाचं तोंड मोजायचं माप वेगळं, त्यामुळे एकत्र करून काही निघत नाही. चार कॉलेजांनी मिळून एकच प्रोटोकॉल, एकच मोजमाप ठरवलं असतं तर पाच वर्षांत उत्तर आलं असतं.
ज्यांना कॅन्सरमध्ये रस आहे त्यांच्यासाठी टाटा मेमोरियलवाल्यांचं क्रेडो वर्कशॉप आहे. सहा दिवस निवासी, आपली ट्रायलची आयडिया घेऊन जायचं आणि पूर्ण प्रोटोकॉल लिहूनच यायचं, मोठमोठे ट्रायलिस्ट आणि स्टॅटिस्टिशियन शेजारी बसून तुमचा मसुदा फाडतात. अर्ज करताना एका पानाची आयडिया द्यावी लागते, निवड होते. माझ्या ओळखीचा एक सर्जन जाऊन आला, म्हणाला झोप मिळाली नाही पण एमएसच्या तीन वर्षांत जे नाही समजलं ते समजलं. नॅशनल कॅन्सर ग्रिड २०१२ पासून आहे, तुमचं हॉस्पिटल ग्रिडमध्ये आहे का ते आधी विचारून घ्या, असेल तर ओळख तिथूनच सुरू होते.

जेआर२_झोपलेला
वीस पेशंट इंजेक्शन 😂 आमच्या डिपार्टमेंटला पण तेच, फक्त इंजेक्शन वेगळं.

पुण्यातून
मी मूळ नागपूरचा, सध्या पुण्यात. परदेशी कोलॅबोरेशनबद्दल लिहितो कारण इथे बी. जे. मेडिकलला जॉन्स हॉपकिन्ससोबतचं साईट वर्षानुवर्षं चालू आहे आणि ते सरकारी कॉलेजात आहे, म्हणजे सरकारीत होत नाही हे म्हणणं खरं नाही. आईकडून बाळाला एचआयव्ही जाऊ नये म्हणून सहा आठवडे नेव्हिरपिन देण्याचा ट्रायल, इथिओपिया, युगांडा आणि पुणे, लॅन्सेट २००८. त्यातून कितीतरी ज्युनियर लोक तयार झाले, कोणी पीएचडीला गेलं, कोणी डेटा मॅनेजर झालं.
पण आता ज्यांना अमेरिकेची आशा आहे त्यांनी जरा सांभाळून. १ मे २०२५ ला एनआयएच या अमेरिकन सरकारच्या रिसर्च-ग्रँट संस्थेने जाहीर केलं की परदेशी सबअवॉर्ड, म्हणजे त्यांच्या युनिव्हर्सिटीला ग्रँट आणि त्यातून आपल्याला वाटा, ही पद्धत नवी रचना येईपर्यंत थांबवतो. आपली बरीच साईट्स याच वाटेने चालायची. त्यामुळे एखादे प्रोफेसर उत्साहाने हो म्हणाले तरी पैसा कुठल्या वाटेने येणार हे पहिल्याच मीटिंगला विचारा, लाजू नका. आणि परदेशी पैसा, परदेशी सहभाग असला की आयसीएमआरमार्फत एचएमएससी या सरकारी छाननी समितीची मंजुरी लागते, ट्रस्टचं कॉलेज असेल तर एफसीआरएचा, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याचा, विषय येतो. सॅम्पल बाहेर पाठवायचे असतील तर मटेरियल ट्रान्सफर ॲग्रीमेंट. हे सगळं व्हायला महिने जातात, पार्टनरला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

वर्धारोड
म्हणजे देशी पैसाच बघा.

पुण्यातून
देशी पैसा आहे हो. आयसीएमआरचे एक्स्ट्राम्युरल (बाहेरच्या संस्थांना मिळणारे) ग्रँट, स्मॉल म्हणजे २ कोटीपर्यंत, त्याच्या वर इंटरमीडिएट ८ कोटीपर्यंत. स्मॉलला २ कोटी म्हणतात यातच सगळं आलं, आपण वीस हजाराच्या रीएजंटसाठी स्टोअरला चकरा मारतो. खाजगी कॉलेज असेल तर डीएसआयआर या केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन विभागाची मान्यता आहे का ते बघा, नसेल तर अर्ज तिथेच अडतो. डीएचआरच्या, म्हणजे केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाच्या, फेलोशिप आहेत. आणि ज्याला खरंच करिअर म्हणून करायचंय त्याने इंडिया अलायन्सच्या क्लिनिकल अँड पब्लिक हेल्थ फेलोशिप बघाव्या, केंद्राचा बायोटेक्नॉलॉजी विभाग डीबीटी आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट मिळून देतात, ऑक्टोबर २०२५ ला केंद्राने पुढच्या टप्प्याला १,५०० कोटी मंजूर केले त्यात १,००० डीबीटीचे. त्यांची सिलेक्शन अवघड असते पण अर्ज लिहिण्यातच माणूस खूप शिकतो, आणि त्यांचे डॉक्टरांसाठीचे वर्कशॉपही असतात.
एमबीबीएसची पोरं वाचत असतील तर एसटीएस विसरू नका, आयसीएमआरचं शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, १९७९ पासून आहे. आजचे बरेच चांगले रिसर्चर तिथूनच सुरू झाले.

गडचिरोली_पोस्टिंग
मी पीएचसीला एमओ आहे. तुम्ही सगळे कॉलेजवाले बोलून राहिले, आमचं पण ऐका जरा. साप चावलेला माणूस पहिल्यांदा माझ्याकडे येतो, तुमच्याकडे नाही. एएसव्हीची, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाची, पहिली बाटली मी लावतो, मग रेफर. मेडिकलला पोचल्यावर जो पेपर होतो त्यात पहिल्या तीन तासांची माहितीच नसते कारण ती माझ्या रजिस्टरमध्ये असते. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचे, मग नोंदी कोणाच्या वापरणार?
एका कॉलेजने मागे आमच्याकडून वर्षभर फॉर्म भरून घेतले, गोड बोलून. पेपर छापून आला, आमचा उल्लेख शेवटी आभारात, तोही "फील्ड स्टाफ" एवढाच. कोलॅबोरेशन म्हणता तर ते खालच्या बाजूला पण करा ना.

मानेवाडा_निवृत्त
डॉक्टर तुमचं शंभर टक्के बरोबर आहे आणि हे पुष्कळदा होतं. आयसीएमजेई या मेडिकल जर्नल संपादकांच्या समितीचे ऑथरशिपचे चार निकष आहेत, त्यात नुसता डेटा गोळा केला म्हणून ऑथर होत नाही हे खरं, पण त्याच नियमांत हेही आहे की ज्याने कामात भरीव भाग घेतला त्याला मसुदा वाचायची, सुधारायची संधी द्यायला हवी. ती संधीच द्यायची नाही आणि मग म्हणायचं निकष पूर्ण होत नाहीत, ही चलाखी झाली. तुम्ही फॉर्म हातात घेण्याआधी लेखी विचारा, ऑथर कोण, क्रम काय, तुमच्या पीएचसीचा डेटा तुम्हाला परत मिळणार का. जो चिडेल त्याच्यासोबत करू नका.

वर्धारोड
त्यात प्रमोशनचं गणित घुसतं सर. एनएमसीच्या २०२२ च्या नियमांनी पहिले तीन ऑथर किंवा करस्पाँडिंग, त्यालाच धरायचे. मग पीएचसीच्या माणसासाठी चौथी जागा आणि एचओडीसाठी पहिली, जरी एचओडीने पेशंट बघितला नसला तरी.

गडचिरोली_पोस्टिंग
चौथी पण चालेल भाऊ, "फील्ड स्टाफ" नको.

संत्रानगरी_एपी
हे वाचून बरं वाटलं आणि वाईटही. मला आता ठोस विचारायचंय. समजा मोठ्यांमध्ये हायड्रॉक्सीयुरियाचे दोन डोस तुलना करायचे, ट्रायल म्हणून, कंपनी नाही, पैसे नाही, आपणच. त्याला डीसीजीआय म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रकाची परवानगी लागेल का? आमच्या कॉलेजात एकजण म्हणतो लागेलच, म्हणून कोणी ट्रायल करतच नाही, सगळे रेट्रोस्पेक्टिव्ह, जुन्या नोंदींवरून.

आयईसी_मेंबर_सेक्रेटरी
हा गैरसमज नागपूरभर आहे म्हणून सविस्तर लिहिते. न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स, १९ मार्च २०१९ ला आले. त्यात ॲकॅडमिक क्लिनिकल ट्रायल अशी स्वतंत्र व्याख्या आहे: औषध आधीच मान्य असलेलं, इन्व्हेस्टिगेटर किंवा संस्थेने स्वतः सुरू केलेला अभ्यास, नवं इंडिकेशन, नवा डोस, नवा रूट किंवा नवा डोसेज फॉर्म, आणि निकाल फक्त ॲकॅडमिक कामासाठी, मार्केटिंगची परवानगी मिळवण्यासाठी नाही. अशा ट्रायलला सेंट्रल लायसन्सिंग ऑथॉरिटीची, म्हणजे डीसीजीआयची, परवानगी लागत नाही, एथिक्स कमिटीची लागते. कमिटीला वाटलं की हे रेग्युलेटरी ट्रायलच्या हद्दीत जातंय तर कमिटी ऑथॉरिटीला कळवते, ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगीची गरज नाही असं धरायचं. बस. तुमचा प्रश्न मला तरी सरळ या व्याख्येत बसलेला दिसतो, पण अंतिम निर्णय तुमच्या कमिटीचा.
पण पुढचं नीट वाचा. कमिटी सीडीएससीओकडे, म्हणजे डीसीजीआयच्या ऑफिसकडे, रजिस्टर आहे का ते बघा. बायोमेडिकल रिसर्चसाठी डीएचआरकडे, नैतिक पोर्टलवर, वेगळं रजिस्ट्रेशन असतं, अनेक कॉलेजांकडे एक असतं दुसरं नसतं आणि मेंबरनाही फरक माहीत नसतो. सीटीआरआय या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीवर पहिला पेशंट घेण्याआधी नोंद हवी, १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंद घेतच नाहीत, फी काही नाही, पण त्यांचे प्रश्न येतात, उत्तरं द्यावी लागतात, म्हणून आठवडे हातात ठेवा. पेशंटला इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण करणार हे ॲकॅडमिक ट्रायलमध्येही प्रोटोकॉलमध्ये लिहायचं असतं, "लागू नाही" लिहून आणलेला प्रोटोकॉल मी वाचायला घेत नाही. फॉर्मसाठी आयसीएमआरचे कॉमन फॉर्म आहेत, तेच वापरा, प्रत्येक कॉलेजचा वेगळा फॉर्म भरण्यात मल्टीसेंटरवाल्यांचा जीव जातो.

जेआर२_झोपलेला
मॅडम हे आमच्या पीजी टीचरला पाठवू का? ते म्हणतात इंटरव्हेन्शनल नकोच, एथिक्सवाले त्रास देतात.

आयईसी_मेंबर_सेक्रेटरी
पाठव. आणि त्रास आम्ही देतो कारण कन्सेंट फॉर्मचं मराठी असं असतं की पेशंट सोडा, मला समजत नाही. एकदा घरी आजीला वाचून दाखवा, तिला कळलं तर आणा.

पीव्हॅल्यू_ताई
प्रोटोकॉलसाठी स्पिरिट २०२५ ची चेकलिस्ट घ्या, ३४ मुद्दे आहेत, रिपोर्टिंगला कन्सॉर्ट २०२५, त्यात ३०. प्रोटोकॉल लिहिण्याआधीच घ्या, नंतर टिकमार्क करायला नाही.
पण संत्रानगरी सर, मी थेट ट्रायलवर उडी मारू नका म्हणेन. आधी रजिस्ट्री, म्हणजे पेशंटची नीट नोंदवही. तुमच्या ओपीडीत महिन्याला किती मोठे सिकल पेशंट येतात, त्यातले वर्षभराने किती परत येतात, क्रायसिस किती, हे माहीत नसेल तर मी सॅम्पल साईज कशाच्या आधारावर काढू? हवेतून? रेडकॅप हे डेटा नोंदवायचं सॉफ्टवेअर वापरा, अमेरिकेच्या व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीचं आहे, नॉन-प्रॉफिट संस्थेला लायसन्स फुकट पण ॲग्रीमेंट कॉलेजला करावं लागतं आणि सर्व्हरला आयटीचा माणूस लागतो. तुमच्याकडे नसेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासोबत जोडून घ्या, हेही कोलॅबोरेशनच आहे. रजिस्ट्री करतानाही एथिक्स लागतं बरं का, "नुसत्याच नोंदी आहेत" चालत नाही.

मानेवाडा_निवृत्त
आणि आयसीएमआरचं इंटेंट म्हणून क्लिनिकल ट्रायलचं नेटवर्क आहे, इंडियन क्लिनिकल ट्रायल अँड एज्युकेशन नेटवर्क. स्ट्रोकवाल्यांचं इन्स्ट्रक्ट वेगळं. नेटवर्कमध्ये साईट म्हणून घेताना विचारतात काय, तर तुमच्याकडे असे पेशंट किती, फॉलोअप किती टिकतो, कोऑर्डिनेटर आहे का. रजिस्ट्री असेल तर या तीन प्रश्नांची उत्तरं तयार असतात. इन्स्ट्रक्टचा स्प्रिंट इंडिया ट्रायल बघा, ३१ सेंटर, ४,२९८ पेशंट, स्ट्रोकनंतर एसएमएस-व्हिडिओने समजावलं तर पुन्हा स्ट्रोक टळतो का. फ्युटिलिटीवर, म्हणजे पुढे चालवूनही फायदा दिसणार नाही म्हणून, मध्येच थांबला, तरी लॅन्सेट ग्लोबल हेल्थला छापून आला. आणि त्या ३१ सेंटरच्या लोकांना आता मल्टीसेंटर ट्रायल कसा चालवतात हे येतं. आपल्याकडे निगेटिव्ह निकाल आला की थेसिस कपाटात.

वर्धारोड
सर ते सगळं ठीक पण वेळ कुठून आणायचा? ओपीडी, वॉर्ड राउंड, एमबीबीएसचे क्लास, इन्स्पेक्शन, बायोमेट्रिक. जर्नल वाचायला तरी मिळतात का? वन नेशन वन सबस्क्रिप्शन १ जानेवारी २०२५ ला सुरू झालं, ३० प्रकाशक, १३ हजाराच्या आसपास जर्नल, पण ते सरकारी संस्थांना. खाजगीत शिकवणारा अजूनही मित्राला म्हणतो पीडीएफ पाठव ना.

कोऑर्डिनेटर_हिंगणारोड
वेळेचं उत्तर कोऑर्डिनेटर. डॉक्टर स्वतः फॉर्म भरायला बसला की स्टडी तिसऱ्या महिन्यात मरतो. ग्रँटच्या बजेटमध्ये पहिली ओळ माणसाच्या पगाराची टाका, मशीनची नको. बीएससी नर्सिंग किंवा एमएसडब्ल्यू केलेल्या मुली या कामात फार चांगल्या असतात, पेशंटला फोन करून बोलावण्याची कला त्यांना असते. फक्त सहा महिन्यांनी पगार थांबवू नका म्हणजे झालं.

संत्रानगरी_एपी
ठरवून टाकतो मग. बीसीबीआर परत बघतो, ताई म्हणतात तसं लिहीत लिहीत. आर३ चं जीसीपी करतो. रजिस्ट्रीचा प्रोटोकॉल लिहून आमच्या आयईसीला (एथिक्स कमिटीला) टाकतो, त्याच्यासोबत चंद्रपूरला एकदा जाऊन येतो. गडचिरोली_पोस्टिंग डॉक्टर, तुमच्याकडून रेफर होणारे सिकल पेशंट माझ्याकडे येत असतील तर रजिस्ट्रीत पहिल्यापासून तुम्ही को-इन्व्हेस्टिगेटर, लेखी. मेसेज करतो. आणि कोऑर्डिनेटर ताई, एखाद्या चालू ट्रायलवर जागा असेल तर सांगा, रविवारी पण येईन.

गडचिरोली_पोस्टिंग
करा मेसेज. नेटवर्क नसतं दुपारी, रात्री उत्तर देईन.

कोऑर्डिनेटर_हिंगणारोड
आमच्या सरांना विचारून सांगते. या आठवड्यात जीसीपी उरका आणि सीव्हीवर सही-तारीख करून ठेवा. आणि एक, डेलिगेशन लॉगवर (कोणी कोणतं काम करायचं त्या यादीवर) नाव चढून पीआयची सही होईपर्यंत पेशंटला हात लावायचा नाही, बीपीसुद्धा घ्यायचं नाही. जीसीपीच्या सर्टिफिकेटची तारीख लॉगवरच्या तारखेच्या आधीची पाहिजे, मॉनिटर पहिलं तेच बघतो.